सुरी हातात देऊ नये

बेबी, तुझी फळी लागली गं भिंतीला. काल दुपारी लावली, मी स्वतः. किंचित डावीकडे कलली आहे. मला दिसतंय, तुझ्या दादांनाही दिसतंय, पण ते बिचारे बोलत नाहीत. तू असतीस तर पाणसळ आणून माझ्या नाकासमोर धरली असतीस, वयनी, बघ बुडबुडा कुठे पळालाय तो, म्हणून. मी म्हटलं असतं, पळू दे, सुऱ्यांना काय चक्कर येणारे का. आणि मग जेवणं होईपर्यंत आपलं चालू राहिलं असतं.

आज तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. सकाळपासून मी चार वेळा स्वयंपाकघरात गेले आणि चार वेळा काही न करता बाहेर आले. एकदा तर चहाचं आधण ठेवलं आणि गॅस न पेटवताच ते उकळायची वाट बघत उभी राहिले. दादा म्हणतात, जरा एका जागी बस. बसते की, बसायला काय लागतं. पण हॉलमध्ये बसलं की दारातून ती फळी दिसते, आणि उठलं की पाय मला तिच्यासमोरच नेऊन उभं करतात. शेवटी प्राचीची शाळेतली एक जुनी वही काढली आणि लिहायला घेतलं. तुझं नाव, गाव, वय, नोकरी हे सगळं सोसायटीच्या बोर्डावर लावून झालंय. त्यात तुला मनमिळाऊ लिहिलंय. मला त्या दिवसांतही ते वाचून हसू आलं. मला जे लिहायचंय ते बोर्डावर लावण्यासारखं नाही.

मला तुला एकच विचारायचंय. त्या रविवारी तू हात पुढे केलास तो नुसता सुरी घ्यायला, की मिटवून टाकायला?

पण असं मधूनच विचारलं तर तू म्हणशील, वयनीचं नेहमीचंच, शेपटीकडून सुरुवात. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी लग्न होऊन भांडुपच्या खोलीत आले, त्याला दोन की तीन दिवस झाले होते. तू कांदा चिरायला बसलीस आणि मी आपली गुणी सुनेसारखी सुरी उचलून तुझ्या हातात द्यायला गेले. आई, तुझ्या आई आणि माझ्या सासूबाई, मोरीतून ओरडल्या, "सुरी हातात दिव नको गो, भांडणां लागतत." मी घाबरून सुरी जमिनीवर ठेवली. तू ती उचललीस आणि मला डोळा मारलास. सासरी आल्यापासून माझ्याकडे बघून डोळा मारणारी तू पहिलीच. तेव्हा मला वाटलं होतं, हिच्याशी आपलं झकास जमणार.

मीठ नि मिरची हातात देत नाहीत हे आमच्याकडेही होतं. पण सुरीचं एवढं कडक मी तुमच्याकडे पाहिलं. आणि तू तर आईंच्या वरताण. उपास नाही, नवस नाही, देवळात गेलीस तर चपला सांभाळायला बाहेर उभी. पण सुरी म्हटली की ओट्यावर ठेवायची आणि म्हणायचं, घे. कंपनीतही तेच. स्टोअरच्या खिडकीत बसून उभा जन्म तू हत्यारं वाटलीस. कानस असो, ड्रिलचं बिट असो, करवतीचं पातं असो, काउंटरवर ठेवायचं आणि "उचल" म्हणायचं. कामगार तुला मागून काय म्हणायचे ते तूच घरी येऊन हसत हसत सांगायचीस.

छत्तीस वर्षं झाली माझ्या लग्नाला. आकडाही बघ कसा नेमका. या छत्तीस वर्षांत तुझ्या हातातून माझ्या हातात एकदाही सुरी आली नाही, आणि भांडण काही एक दिवस चुकलं नाही. सोलकढीत लसूण घालायची की नाही, कोथिंबिरीचे देठ टाकायचे की वाटणात घालायचे, फडकं पिळून वाळत घालायचं की झटकून. एकदा तर कुकरच्या शिट्ट्या मोजण्यावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो. तू म्हणत होतीस चार झाल्या, मी म्हणत होते तीन. डाळ शिजली होती, गं. डाळीला काही तक्रार नव्हती.

आणि हीच तू, माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस रजा टाकून घरी बसलीस. मी पलंगावरून बघायचे. भेंडी चिरायचीस ती अशी एका मापाची, की कंपनीत तपासणीला पाठवायची असावी. मला पेज भरवलीस. माझी वेणी घातलीस, घट्ट, डोळे वर ओढले जातील एवढी. मी एकदाही थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात कुठे होती ती पद्धत. पण आता वाटतं, म्हणायला काय झालं होतं? जीभ झिजली असती का?

आता आडाळ्याचं.

प्राची त्याला विळी म्हणते आणि तुझ्या कपाळाला आठी पडते. पडायची. विळी दुसऱ्यांची, आपला तो आडाळो. आईंच्या माहेरच्या सुताराने केलेला, फणसाच्या लाकडाचा. फळीवर बसून बसून मधला भाग असा गुळगुळीत झालेला, की हात फिरवला तर ऊब आहे असं वाटावं. आईंचे डोळे अधू झाले तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी तो जमिनीवरून माझ्याकडे सरकवला. तोसुद्धा हातात दिला नाही, सरकवला. म्हणाल्या, "हो आडाळो आता तुझो." त्याच वेळी तू कामावरून आली होतीस. दारात उभी राहून चपला काढत होतीस. एक काढलीस आणि दुसरी काढायला तुला फार वेळ लागला.

मी ते पाहिलं नाही असं नाही. पाहिलं. पण तेव्हा माझ्या मनात एकच होतं, मिळालं बाई एकदाचं.

तुला आईंनी कधी आडाळ्यावर बसूच दिलं नाही. तुझ्या बाबांची गिरणी बंद पडली आणि एकोणीस वर्षांची तू कामाला लागलीस, तेव्हापासून आईंचं एकच पालुपद, बोट कापून घेतलंस तर उद्या कामावर कशी जाशील. तुझ्या पगारावर घर चाललं. भांडुप सोडून मुलुंडला आलो ते घर तुझ्या नि दादांच्या दोघांच्या नावावर झालं. पण स्वयंपाकघर माझं. आईंनी ते मला दिलेलं. तू त्यात कांदा चिरायचीस तो ओट्याच्या कोपऱ्यात उभी राहून, त्या तुझ्या काळीने.

काळी म्हणजे तुझी सुरी. कंपनीतल्या मोठ्या करवतीचं मोडलेलं पातं घासून तिथल्या फिटरने तुला करून दिलेली, मुठीला काळी टेप गुंडाळलेली. प्राचीने चकचकीत सुऱ्यांचा सेट आणला, त्यातली एकही काळीच्या जवळ जात नाही. दिसायला मात्र ती अशी, की पाहुणे आले की मी लपवायचे.

गेल्या दिवाळीनंतर ही फळी तुझ्या डोक्यात शिरली. मी ड्रॉवरमध्ये चमचा शोधायला हात घातला आणि काळीने माझा अंगठा कापला, त्या दिवसापासून. तू म्हणालीस, सुऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवतात का, एकमेकींवर आपटून बोथट होतात. भिंतीला लाकडाची पट्टी लावू, आत मॅग्नेट बसवू, सुऱ्या नुसत्या टेकवल्या की चिकटतील. मोबाइलवर लोक काय काय करतात ते मला दाखवत बसलीस. मी म्हटलं, माझ्या टाइल्सना भोकं पाडायची नाहीत. "माझ्या" म्हटलं, बरं का मी. तू ते ऐकलंस आणि सोडून दिलंस. मग म्हणालीस, "वयनी, विचार कर. भिंतीकडून घ्यायची, भिंतीला द्यायची. भांडण झालंच तर भिंतीशी."

तेव्हा मला तो विनोद वाटला. आता वाटतं, तू काहीतरी मागत होतीस आणि मी टाइल्स मोजत होते.

त्या शुक्रवारी मी गुडघ्याच्या व्यायामाला गेले होते. परत आले तर टेबलावर पेपर पसरलेला, त्यावर आडाळ्याचं पातं काढून ठेवलेलं, आणि त्याची फळी तुझ्या हातात, पेन्सिलीने रेघा मारलेली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. खरं सांगू? तो आडाळो चार वर्षं सिंकखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून होता. तुझे गुडघे गेलेले, माझे गेलेले, जमिनीवर बसणार कोण? त्याच्या मागे झुरळांनी संसार थाटला होता. तरी मी ओरडले. कोणाला विचारून मोडलास, म्हटलं. तू हसत होतीस. पातं पेपरात नीट गुंडाळून माझ्याकडे सरकवलंस आणि म्हणालीस, "पातं तुझं, फळी माझी. झाली वाटणी."

तिथे मला पण हसता आलं असतं. किती सोपं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "आईंनी आडाळो मला दिला होता, बेबी. तुला नाही दिला."

मला वाटलं होतं तू तडकून उत्तर देशील, मी पुढचं वाक्य तयारही ठेवलं होतं. तू फळी उचललीस, गॅलरीत गेलीस, दार ओढून घेतलंस आणि रंधा मारायला लागलीस. छत्तीस वर्षांत तू मला उत्तर दिलं नाहीस ते त्या एका वाक्याला.

मग अबोला. शनिवारी दिवसभर गॅलरीतून ड्रिलचा आवाज. लोक रुसले की तोंड फिरवून झोपतात, तू रुसून भोकं पाडत होतीस. दादा आपले टपाल्यासारखे दोघींच्या मध्ये. तिला सांगा भाजीत मीठ कमी आहे. तिला सांगा मग घालून घे म्हणावं. फळीच्या मागच्या बाजूने सात भोकं, आरपार नाहीत, पुढून दोन मिलिमीटर लाकूड सोडलेलं. हेही तू मला नाही, मला ऐकू जाईल अशा आवाजात दादांना सांगितलंस. तीन मिलिमीटर झाले की सुरी पडते, एक झाला की फळी फुटते. दादांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, ते नुसते मान हलवत होते.

आणि रविवार.

दादांनी बांगडे आणले. बांगडे तू साफ करायचे, तिखलं मी करायचं, हा आपला करार, तो अबोल्यातही मोडत नाही. तू सिंकपाशी, माझ्याकडे पाठ. काळी माझ्याजवळ होती, मी तिनेच कोथिंबीर चिरत होते. तू वळली नाहीस. फक्त उजवा हात मागे केलास, पंजा उघडा, आणि म्हणालीस, "दे."

"ठेव" नाही म्हणालीस, बेबी. "दे" म्हणालीस.

मला त्याच क्षणी कळलं. नाही कळलं असं मी एकोणीस दिवस स्वतःला सांगतेय, पण कळलं होतं. तुझा तो हात मी कधी तसा पाहिलाच नव्हता, वर तळवा करून, माझ्यासमोर. आणि मी काय केलं, तर काळी ओट्यावर ठेवली. मुद्दाम, जरा जोरात. टक् करून आवाज आला. तुझाच नियम तुला परत केला.

तुझा हात थोडा वेळ तसाच होता. ओला, पाणी निथळत. मग तू वळलीस, ओट्यावरून सुरी उचललीस आणि म्हणालीस, "बरां."

आपल्यातलं बोलणं तिथे संपलं. सोमवारी तू गॅलरीत मॅग्नेट चिकटवत बसलीस. माझ्या करंड्यातल्या कुंकवात बोट घातल्याची खूण दिसली, मला न विचारता. तेही मी रागाच्या खात्यावर टाकलं आणि गप्प बसले. मंगळवारी सकाळी तू अर्धा चहा तसाच ठेवून दादांना म्हणालीस, पाठीत भरून आलंय. दादांना म्हणालीस. मी दोन हात अंतरावर पोळ्या लाटत होते. मला म्हणाली असतीस तर मी लगेच बघितलं असतं तुझ्या तोंडाकडे, घाम आलाय का ते, रंग कसा झालाय ते. दादांनी तुला बाम आणून दिला. अर्ध्या तासाने तू खुर्चीवरून कललीस. खालच्या मजल्यावरच्यांनी गाडी काढली, दादा तुझ्याबरोबर बसले, मी म्हटलं घर बंद करून मागून येते. मागून आले ती मागेच राहिले.

कसले विचार येतात माहितेय? सुरी हातात दिली तर भांडण होतं, असं आईंनी सांगितलं होतं. न दिली तर काय होतं, ते कोणी सांगितलंच नाही.

सुतकाचे दहा दिवस गेले. दहाव्याला मी घर धुवायला काढलं. मला थांबताच येत नव्हतं. पडदे, डबे, पंख्याची पाती, दाराच्या कड्या. गॅलरीत तुझा श्रीखंडाचा डबा सापडला, त्यात ती चकचकीत गोल मॅग्नेटं, चार, मध्ये पुठ्ठे घालून वेगळी ठेवलेली, आणि प्रत्येकावर एका बाजूला कुंकवाचा ठिपका. मला भरून आलं. दसऱ्याला मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्याला कुंकू लावायचीस तशी मॅग्नेटचीही पूजा केलीस की काय. पण सुतकातलं कुंकू ठेवायचं कसं, म्हणून मी ती चारही साबणाने घासून, पुसून, परत डब्यात ठेवली. वर समाधान, की तुझी वस्तू स्वच्छ केली.

तेराव्याला प्राची आली होती. तिला फळी दाखवली, म्हटलं आत्याची ही पुरी करणार आहे मी. ती म्हणाली, सोपं आहे आई, आत्याने मला फोनवर सांगितलं होतं, सगळ्या मॅग्नेटची तोंडं एकाच बाजूला हवीत, म्हणून तिने कुंकवाने खुणा करून ठेवल्यात. मी डबा उघडून तिच्यासमोर धरला. ती डब्याकडे बघते, माझ्याकडे बघते. "आई, तू धुतलीस?" म्हणाली. आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग आम्ही दोघी गॅलरीत बसून तेच करत राहिलो. वाट लावली मी, बेबी. तुझ्या आयुष्यातली शेवटची खूण मी साबणाने धुतली.

प्राची गेल्यावर मी एकटीच बसले. तीन तू चिकटवलेली होती, चार उरलेली. दोन ट्यूब एकत्र कालवून तो गोंद केला, चौथ्या भोकात मॅग्नेट बसवलं आणि हात काढला. ते उडालं, शेजारच्या तुझ्या मॅग्नेटवर जाऊन बसलं, गोंदासकट. सोडवताना नख तुटलं. आई, बाबा, देव, सगळे आठवले. तुझ्या नावाने पण बोटं मोडली, एवढ्या नाजूक खुणा कशाला करायच्या, खिळ्याने ओरखडा ओढायचा की सरळ. दोन दिवस फळीला हात लावला नाही. लावायचा नाही असं ठरवलं आणि तिच्याभोवतीच फिरत राहिले.

मग एकदा सुचलं. उरलेलं मॅग्नेट हातात घेतलं आणि तू चिकटवलेल्यावर वरून धरलं. एका बाजूने ते हाताला ढकलून देतं. उलटं केलं की ओढून घेतं. ओढलं म्हणजे तोंडं एकीकडे. एवढं साधं. तुझ्या मॅग्नेटलाच विचारायचं, आणि ते सांगतं. मी करंडा आणला आणि चारही मॅग्नेटना पुन्हा ठिपके लावले. एकेक बसवलं, वर पुठ्ठा ठेवून जाड पुस्तकांचा भार दिला, रात्रभर तसंच राहू दिलं. खोबरेल लावू नकोस, खवट होतं, असं तू बजावलं होतंस, म्हणून तू आणलेलं जवसाचंच तेल लावलं. बघ, ऐकते मी कधी कधी. तेल लावल्यावर फणसाचं लाकूड असं पिवळंधमक उजळलं, की दादा बघतच राहिले. त्यांना वाटलं, त्यांच्या आईच्या वेळी ते असंच होतं. आडाळ्याच्या पात्याची खाच एका टोकाला तशीच ठेवली आहे. मी ती पुट्टी भरून बुजवणार होते, पण हात धजला नाही.

काल टाइलला चिकटपट्टी लावली, तुझं ड्रिल घेतलं आणि दोन भोकं पाडली. "माझ्या" टाइल्सना. एकीला तडा गेला, केसाएवढा. जाऊ दे. फळी लागली, सुऱ्या टेकवल्या. प्राचीच्या सेटमधली एक घसरून खाली पडली, तिला मॅग्नेट मानवत नाही. बाकीच्या राहिल्या. शेवटी काळी. ती हातातून सुटायच्या आधीच फळीने ओढून घेतली. टक्.

तोच आवाज, बेबी. त्या रविवारचा. आता काळी जेव्हा जेव्हा फळीला लागते तेव्हा तो येतो. कालपासून दहा वेळा ऐकला. भिंतीकडून घ्यायची, भिंतीला द्यायची, म्हणजे भांडण नको, असं तू म्हणत होतीस. पण ही भिंत मला रोज तेच ऐकवणार असेल तर मी काय करू, ते सांग. मी चुकले, गं. आडाळो मला दिला होता, हे खरं. पण तुला दिला नव्हता, हे मी बोलायचं नव्हतं. मला दिसत होतं सगळं, त्या पहिल्या दिवसापासून, त्या एका चपलेपासून दिसत होतं. तुझा हात घ्यायला होता की मिटवायला, हे विचारतेय ते उगाच. मला उत्तर माहीत आहे. तू "नुसती सुरी मागितली" म्हणालीस तर माझी सुटका होईल, म्हणून विचारतेय.

थांब, दादा हाक मारतायत.

आले परत. दोन वाजून गेलेत. जेवणं झाली, ओटा पुसला, तुला सांगायचं राहून जाईल म्हणून भांडी तशीच ठेवून बसलेय.

सुतक फिटल्यावर आज दादांनी पहिल्यांदा बांगडे आणले. साफ कोण करणार, हे दोघांनीही विचारलं नाही. मी आत गेले तर ते स्वतःच सिंकपाशी उभे, बनियनवर, बांगडा असा धरलेला की तो अजून जिवंत असून पळून जाणार आहे. त्यांनी जन्मात मासा साफ केलेला नाही. मी कोथिंबीर घेतली, त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून. तेवढ्यात न वळता त्यांनी हात मागे केला. उजवा. तळवा वर. तुमच्या घराण्याचा हात, ती करंगळी तशीच बाहेर पडलेली. "दे गं ती काळी," म्हणाले.

मी काळीला फळीवरून ओढून काढलं. जोर लावावा लागतो, सहज सोडत नाही ती. मूठ त्यांच्याकडे केली आणि त्यांच्या ओल्या हातात ठेवली. बोटं मिटेपर्यंत सोडली नाही.

ते एकदम वळले. सुरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगं, हातात काय देतेस? भांडण होईल ना."

मी म्हटलं, "होऊ दे."

त्यांना कळलं की नाही कोण जाणे. ते पुन्हा बांगड्याकडे वळले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. मी मागे उभी. तिखलं जरा खारट झालं, दोघांनीही मुकाट खाल्लं.

बेबी, तू ऐकलंस ना? होऊ दे. फळी कललेली आहे, टाइलला तडा गेलाय, मॅग्नेटवरचं कुंकू मी धुतलं, आणि आजच्या सोलकढीत मुद्दाम लसूण घातली नाही. मुद्दे भरपूर आहेत. आडाळो कोणाचा, तेही अजून ठरायचंय. ये भांडायला. हात पुढे कर. या वेळी ओट्यावर नाही ठेवणार.